सुस्वागतम् मोठं, गाव बारीक

काही लिहायला बसलो की आधी माझ्या डोळ्यांपुढे एसटीची खिडकी येते. त्या खिडकीत कोण बसलंय हे ठरल्याशिवाय हात पुढे जात नाही. ही सवय कुणी लावली नाही. लाजेनं लागली.

मी कोल्हापूरकडचा. आठवीत शाळा सुटली, पण अक्षर वळणदार होतं, म्हणून पेंटर झालो. भिंतींवर घोषणा रंगवायच्या कामाला एका ठेकेदाराबरोबर भंडारा जिल्ह्यात आलो. काम संपलं, ठेकेदार निघून गेला आणि मी पवनी रस्त्यावरच्या एका पुनर्वसित गावात तापानं पडलो. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. नवं गाव म्हणजे सारख्या मापाचे प्लॉट, त्यांवर सारखीच घरं. त्यातल्या एका घरच्या मावशीनं मला ओसरीत जागा दिली, पेज पाजली. मी ‘उठाय लागलोय’ म्हटलं की ती म्हणायची, “कुटं लागलं गा तुले?” आणि स्वतःच हसायची.

बरा झालो तरी कुणी जा म्हणालं नाही. त्याचीच मला धास्ती वाटायची. फुकट खातोय असं कुणाच्या मनात यायच्या आत काहीतरी करून दाखवायला हवं होतं.

तशी वेळ आली. फाट्यावर गावाची पाटी लावा, म्हणजे आम्ही थांबू, असं एसटीवाले म्हणाले होते. गावानं पत्रा आणला. सगळ्यांत घाई मावशीला. तिची लेक तुमसरकडे दिलेली, आणि नवं गाव तिनं पाहिलंच नव्हतं. दिवाळीनंतर मंडई भरते, त्या जत्रेला लेकीबाळी माहेरी येतात. लेकराला घेऊन ती पहिल्यांदाच येणार होती.

“जुनं गाव चिचेवरून वळखे ते. आता नावावरूनच वळखन,” मावशी म्हणाली. “बसमंदून दिसन ना गा?”

“मावशी, तुम्ही फक्त बघा.”

“मले वाचता कुटं येते! तूच पाय.”

मी रंगवत सुटलो. वर ‘सुस्वागतम्’, एकेका अक्षराला सावली, पिवळ्याखाली लाल. बाजूला जोडलेले हात, दोन्हीकडून कमळांची वेल. त्याखाली ‘आदर्श पुनर्वसित गाव’. तोवर पत्रा भरत आला होता. उरलेल्या पट्टीत बारीक ब्रशनं गावाचं नाव कसंबसं बसवलं. लोक जमले, “वा, पेंटर!” म्हणाले. मला वाटलं, आता मान वर करून जेवता येईल.

मंडईच्या दिवशी लेक आली ती चालत. कडेवर लेकरू, डोक्यावर बॅग, पाय धुळीनं पांढरे.

“पाटी नाही दिसली?” मी विचारलं. विचारायलाच नको होतं.

“दिसली ना! सुस्वागतम वाचली मी. म्हटलं, कोनाचं तरी लगन हाये. बसून राहिली.” ती हसत होती. “मंग कंडक्टर म्हने, बाई, तुमचं गाव त मांगं गेलं.”

मावशीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. लेकीच्या पायावर पाणी घातलं, लेकरू कडेवर घेतलं. जेवताना पहिलं ताट मलाच दिलं. “भात वाढू का अजून, बाबू?” चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी अलीकडच्या फाट्यापर्यंत चालत गेलो आणि तिथून बस धरली. खिडकीशी बसलो. माझी पाटी आली, पिवळं-लाल, हात, कमळं, आणि गेली. ज्यानं नाव लिहिलं त्याच माणसाला ते वाचता आलं नाही. मागच्या सीटवर दोघं बोलत होते.

“कोनतं गाव गेलं गा?”

“का मालूम. सजवलं त मस्त हाये.”

मला उतरायचंही सुचलं नाही. पुढच्या फाट्यावर उतरलो आणि मावशीची लेक ज्या रस्त्यानं आली त्याच रस्त्यानं परत निघालो. चालताना कळत गेलं की त्या पत्र्यावर मी गावाचं नाव लिहिलंच नव्हतं. ‘बघा, मी फुकट खात नाही’ एवढंच लिहिलं होतं. बसमधल्या कुणाला त्याची गरज होती?

पाटी पांढरी केली. रंगाच्या पहिल्या हातातून सुस्वागतम् वर आलंच. दुसरा हात मारला. मग काळ्या रंगात, या कडेपासून त्या कडेपर्यंत, बिनसावलीचं नुसतं नाव. लेक रस्त्यानं लांब जाऊन ओरडली, “अजून जाड करा!” मी केलं.

मावशी बघायला आली. “आता काय लिवलास?”

“गावाचं नाव.”

“अन् ते सुस्वागतम?”

“काढलं, मावशी.” मी ब्रश धूत राहिलो, वर बघवेना.

“बरं केलास. ते कराले मी हाव ना घरी.”

अजूनही ऊन तिरपं पडलं की पांढऱ्याखाली त्या जुन्या अक्षरांची कड उठून दिसते. मी तिकडे बघत नाही. त्या दिवशी तोंडानं माफी मागता आली नव्हती, म्हणून हे लिहितोय. खिडकीत मावशीची लेक बसलीय. ती आईला वाचून दाखवेल.