वंदनाच्या लेखातली अस्वलीण

असल्या गोष्टी मी मानत नाही. चिखलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची लॅब सांभाळते. कुणी भुताखेतांचं काढलं की मी सरळ उठून चहा ठेवायला जाते. तरीही हे लिहितेय...

मी आणि माझी मैत्रीण वंदना, दोघी एका ऑनलाइन मासिकात निसर्गावर लिहितो. तिला तिथे मीच आणलं. आता लग्नात, बँकेत, कुठेही कुणी भेटलं की, "वंदना मॅडमचं वाचलं का?" रानात उन्हातान्हात फिरते मी, आणि ही सुलतानपूरला घरी बसून लिहिते. गेल्या उन्हाळ्यात तर तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. तरी लेख येतच होते. मी जळत होते, खोटं कशाला बोलू? त्याच दिवसांत एकदा तिचा नवा लेख सकाळी आला, तो मी मुद्दाम उघडलाच नाही.

त्याच दिवशी मी रोहिणखेडला मावशीकडे होते. ऊन कललं तशी एकटीच डोंगरातल्या झऱ्याकडे गेले. अंजनाच्या झाडामागे उभी होते, तेवढ्यात पलीकडून अस्वलीण उतरली. पाठीवर पिल्लू. मी मागे सरकले आणि माझी हिरव्या पट्ट्याची चप्पल घसरून पार पाण्यापर्यंत गेली. तिने ती हुंगली. पिल्लाने तोंडात धरली, आणि दोघं झुडपात गेली...

एका पायाने अनवाणी परतले, पण मन हवेत होतं. असा लेख वंदनाला जन्मात जमणार नव्हता. मावशीलाही काही बोलले नाही. लिहायला बसण्याआधी म्हटलं, हिचं काय आलंय ते बघू तरी.

झरा. अंजन. पाठीवर पिल्लू. हिरव्या पट्ट्याची चप्पल. झाडामागे श्वास रोखून उभी असलेली बाई... आणि त्या बाईच्या मागे दुसरं पिल्लू, तिची ओढणी हुंगणारं. ते मी पाहिलंच नव्हतं.

संपादकांना फोन केला. लेख त्यांच्याकडे आदल्या आठवड्यातच आला होता.

दुसऱ्या दिवशी सुलतानपूर गाठलं. वंदना खाटेवर पाय लांब करून बसली होती.

"तुले कोणं सांगतलं?" मी दारातूनच विचारलं.

"काय वं?"

मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"मले काय मालूम," ती म्हणाली. "बसल्या बसल्या सुचलं, लिहिलं. मले वाटलं मनचंच हाय." मग हळूच, "खरंच होती काय? तुले दिसली?"

"हाव."

ती प्लास्टरकडे बघून म्हणाली, "मी जलमात अस्वल पाह्यलं नाई वं. तू पाह्यते, अन् मी इथं पडून राह्यते." तिच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं... वर्षभर माझ्याही पोटात तेच होतं. मग तिने विचारलं, "वास कसा येते वं तिचा?"

तिच्या लेखात वास नव्हता. मला झऱ्याजवळ आला होता, आणि तिच्यासमोर बसले तेव्हाही नाकात बसलेला होता.

"आता ध्यानात नाई," मी म्हणाले.

हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. योगायोग म्हणावा तर चप्पल आडवी येते. तो लेख मासिकात तिच्याच नावाने आहे, लोक अजून वाचतात. वासाचं मात्र मी कुठेच लिहिलेलं नाही... इथेही लिहिणार नाही.