दाढेएवढा कपलर

मी दात बनवते. खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावणारी डॉक्टर मी नव्हे. त्यांनी घेतलेल्या मापावरून कॅपा, ब्रिज, कवळ्या घडवून देणारी मी. हे काम नांदेडला शिकले आणि गेली बरीच वर्षं लातुरात घराच्या मागच्या खोलीत करतेय. मेण कोरायचं, साचा करायचा, धातू ओतायचा, घासायचा, आणि दाढेवर दाढ नीट टेकते का बघायचं. केसाइतका फरक राहिला तरी पेशंट डॉक्टरांवर चिडतो आणि डॉक्टर माझ्यावर. या कामानं माझा स्वभाव किरकिरा झाला असं घरचे म्हणतात. तो आधीपासूनच तसा होता, कामाला उगीच दोष नको.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, रेल्वेत शंटिंगला होते. मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे डबे, जोडायचे आणि सोडायचे, हे त्यांचं काम. मी सातवीत असताना एका लहान स्टेशनात त्यांनी जोडलेली मालगाडी थोडी पुढे गेली आणि मधूनच सुटली. इंजिनाबरोबर अर्धी गाडी पुढे, अर्धी मागे. ब्रेक आपोआप लागले, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण लाइन दुपारभर बंद राहिली आणि चौकशी झाली. जोडणीतलं लॉक पुरतं पडलं नव्हतं आणि जोडणाऱ्यानं ते बघितलं नाही, असं ठरलं. अण्णांनी सही केली. त्यांना शंटिंगवरून काढून फाटकावर पाठवलं. रिटायर होईपर्यंत ते फाटकच लावत-उघडत राहिले.

लॉक बघितलं होतं की नाही, हे त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं. का आठवत नव्हतं, ते मात्र मला पक्कं ठाऊक होतं. ते वाघिणींच्या मध्ये वाकलेले असताना मी जेवणाचा डबा घेऊन फलाटाच्या टोकाला उभी होते. चप्पल तुटली होती, पाय भाजत होते, म्हणून मी ओरडून हाका मारत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ते आले. चौकशीत त्यांनी हे सांगितलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही.

शंटिंगवाल्यांची एक रीत असते. वाघीण जोडली की इंजिनानं हळूच ओढून बघायची. धरली तरच पुढचं काम. अण्णांनी त्या दिवसानंतर ही रीत घरात आणली. कडी लावली की ओढून बघायची. कपाट, गॅसचा रेग्युलेटर, बाहेरचं गेट, सगळं तीन-तीनदा. एकदा आत्याकडे मुखेडला लग्नाला निघालो होतो. चाकूर आलं आणि अण्णा एसटीतून उतरले, घराचं कुलूप ओढून बघितल्याचं आठवेना म्हणून. आई त्यांच्या नावानं बोटं मोडत राहिली, सगळे हसले. मीही हसले, पण खिडकीकडे तोंड करून.

आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे राहायला आले. दिवसभर रिकामं बसून माणूस खंगतो, म्हणून मी त्यांना एक खेळण्यातली रेल्वे आणून दिली. त्यांनी दोन डबे हातात घेतले, मधला प्लास्टिकचा हूक बघितला आणि नाक मुरडलं.

"हे काय जोडणी हाय का? ह्याला चड्ड्या वाळू घाल."

"मग खरी कशी असती?" मी विचारलं.

त्यांनी डबे खाली ठेवले. त्या विषयावर घरात कुणी बोलत नसे. मग त्यांनी स्वतःच्या दोन्ही मुठी अर्धवट मिटल्या आणि एकीची बोटं दुसरीत अडकवली. कपलर असा असतो म्हणाले. प्रत्येक मुठीत एक बिजागरीवर वळणारं बोट असतं, त्याला ते नकल म्हणत. दोन वाघिणी एकमेकींवर आल्या की नकल आत वळते आणि तिच्यामागे लोखंडाचा ठोकळा आपल्या वजनानं खाली पडतो. ते लॉक. ते पडलं की नकल उघडत नाही.

"एवढंच ना, मी बनवते," मी म्हणाले. बोलायला माझं काय जातं!

मोठ्या वाघिणी ठरवल्या, हातभर लांबीच्या, म्हणजे कपलर दाढेएवढा होणार होता आणि दाढ माझ्या हातातली. मेणात कोरला, ओतला, घासला. नकल झकास वळायची. लॉक मात्र पडायचं नाही. खऱ्या लॉकला वजन असतं, माझं तांदळाच्या चार दाण्यांएवढं. कुठंतरी घासून अडकायचं. स्प्रिंग लावायची म्हटलं तर अण्णा ऐकेनात.

"स्प्रिंगनं पडलं तर ते खेळणं झालं. आपल्या वजनानं पडलं पायजे."

तीन वेळा ओतलं, तीन वेळा मोडीत टाकलं. डॉक्टरांचे फोन यायचे, कॅपा तयार नसायच्या. शेवटी सुचलं ते रोजच्याच कामातलं. कॅपच्या आतल्या भिंती आम्ही अगदी सरळ ठेवत नाही, किंचित तिरप्या ठेवतो, म्हणजे ती अडकत नाही. लॉकच्या खाचेला तसाच तिरपा कल दिला आणि घासून आरसा केला. दोन कपलर एकमेकांत सारले. टक. अण्णांनी ते कानाशी धरून पुन्हा जोडायला लावलं. टक. मग त्यांनी ओढून बघितलं, तीनदा.

वाघिणी त्यांनी केल्या, प्लायवूडच्या आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या. चाकांवर बॉलपेनातल्या स्प्रिंगा बसवल्या. एवढं कशाला, मी म्हणाले. "भरली की वाघीण बसती," ते म्हणाले. "न्हाई बसली तर ती वाघीणच न्हाई." माझ्या लॅबचं टेबल आणि जेवणाचं टेबल जोडून त्यावर रूळ टाकले. इंजिन नव्हतं, दोरी होती; ओढायचं काम माझं.

तो रविवार होता, दुपारची जेवणं झाली होती. मागच्या वाघिणीत अण्णांनी किलोभर तूरडाळ भरली, पुढची रिकामी ठेवली. जोडल्या, ओढून बघितल्या, लॉक पडलेलं दोघांनी बघितलं. मी दोरी ओढली. गाडी छान निघाली आणि दोन टेबलांच्या सांध्यावर, जिथे रूळ जरा खचत होते, तिथे सुटली. पुढची माझ्याकडे आली, डाळीची तिथेच राहिली.

माझंच लॉक कच्चं, दुसरं काय. मी चरफडत वाघीण उचलली. नकल मिटलेली होती. दुसरी बघितली, तीही मिटलेली. लॉक दोन्हींकडे पडलेलं. दोन मिटलेल्या मुठी एकमेकींतून सुटल्या होत्या. हे कसं झालं म्हणून मी अण्णांकडे बघितलं, तर ते खुर्चीचा हात धरून खाली बसत होते.

"तिथं बी असंच व्हतं," ते म्हणाले.

"कसं?"

"मी पळत गेलो तवा दोन्ही कपलर मिटलेले व्हते. साहेबास्नी सांगितलं मी. ते म्हणले, लॉक पडलं नसंल, सुटल्यावर धक्क्यानं मिटले असतील. ते शिकलेले. मला बी वाटलं, आसंल."

मला एवढ्यानं पटत नाही, ते वर सांगितलंच आहे. मी पुन्हा जोडलं, या वेळी लॉक मुद्दाम वर अडकवून ठेवलं, आणि ओढलं. नकल उघडली, वाघिणी सुटल्या, आणि नकल तशीच उघडी राहिली. पुन्हा केलं. झटका देऊन, हळू, सांध्यावर, सांध्याच्या अलीकडे. लॉक नसेल तर नकल उघडी राहायची. एकदाही आपणहून मिटली नाही. मग डाळ काढली आणि लॉक पाडून रिकाम्या वाघिणी नेल्या. सांधा सुखरूप पार. डाळ परत भरली, वाघिणी सुटल्या, नकला मिटलेल्या.

दात कुठे टेकतात ते बघायला आम्ही निळा कागद वापरतो. पेशंटनं तो चावला की जिथे दाब पडतो तिथे निळा ठसा उमटतो. त्याची पट्टी मी दोन नकलांच्या मध्ये धरली आणि दोरी ताणली. रिकाम्या वाघिणींत ठसा भरघोस आला, नकलेच्या उंचीभर. भरलेली जोडली तेव्हा ती स्प्रिंगांवर खाली बसली होती, आणि ठसा उरला फक्त कडेला, नखाएवढा. त्यात सांध्यावरचा खड्डा मिळाला की भरलेली खाली सरकणार आणि मिटलेल्या मुठीखालून निसटणार. लॉक बिचारं काय करील?

"अण्णा, त्या दिवशी भरलेली कुठली होती?"

"मागची. पुढची रिकामी." त्यांना आठवावं लागलं नाही. "अन् आउटर सिग्नलच्या पुढं रूळ खचायचा तिथं. गँगमन बोंबलायचा रोज."

मी तो निळा ठसा त्यांच्या पुढ्यात धरला. चष्मा वर-खाली करून त्यांनी तो बराच वेळ बघितला. टेबलावरच्या दोन वाघिणी म्हणजे काही चौकशी समिती नव्हे, हे मला कळतं. पण लॉक पडलं नसतं तर नकल उघडी दिसली असती, आणि ती मिटलेली त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. माझा जीव इतक्या वर्षांनी भांड्यात पडला. हसू येत होतं, डोळेही भरत होते, आणि त्या भरात जे कधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते तोंडातून निघून गेलं.

"अण्णा, तुम्ही वाकला होता तेव्हा मी हाक मारली होती."

"ठाव हाय की," ते म्हणाले. "म्हणून तर सही केली."

मला कळेना.

"नसती केली तर इचारत बसले असते. ध्यान कुठं व्हतं, कोण आलं व्हतं. बारा वर्साच्या पोरीला त्या टेबलासमोर उभं करायचं व्हतं का?" त्यांनी निळ्या कागदाची पट्टी नीट घडी करून खिशात ठेवली. "मला बी वाटायचं माय, तुझ्याकडं बघितलं अन् लॉक राहिलं. तुला कधी म्हणलो न्हाई."

"आता?"

"आता न्हाई वाटत."

मी रडले. त्यांनी रडू दिलं, आणि मग डाळ डब्यात भरून ठेव, मुंग्या लागतील म्हणाले.

चार वाजता ते चहाला कोपऱ्यावर जायला निघाले, रोजच्यासारखे. मी खिडकीशी उभी होते. त्यांनी बाहेर पडून गेट लोटलं, कडी घातली आणि चालू लागले. मी वाट बघत राहिले, आता वळतील, आता वळतील. ते बोळाच्या तोंडाशी पोचले, कुणाला तरी रामराम केला आणि वळले ते चहाच्या हॉटेलाकडे. मग मीच बाहेर जाऊन गेट एकदा ओढून बघितलं. कडी पक्की होती.