पोतारलेला गृहपाठ

सोपान गुरुजींच्या डाव्या कानावर कायम गेरूचा खडा खोचलेला असायचा. त्यामुळे कान लाल, बोटं लाल, सदऱ्याचा खिसाही लाल. कवठेवस्तीच्या बायका वाटेत गाठून विचारायच्या, "काय गुरुजी, तुमची रंगपंचमी उरकली का न्हाय अजून?" गुरुजी चिडायचे. बायकांना तेवढंच तर हवं असायचं!

माणूस मूळचा पणदऱ्याचा. बावड्यापासून तीन मैलांवरच्या या वस्तीवर त्रेपन्न साली शाळेवर आला. शाळा म्हणजे काय, मारुतीचं देऊळ. एक गुरुजी, दोन इयत्ता, एकतीस पोरं. निम्मी वांगी-मिरच्या पिकवणाऱ्या माळ्यांची, निम्मी मेंढरं कमी करून नुकतीच शेतीला लागलेल्या धनगरांची. पण गुरुजींचं काम बघावं! पहिलीला काय शिकवायचं, तेव्हा दुसरीनं काय लिहायचं, सगळं रविवारीच आखून तयार. घोडं पेंड खायचं ते गृहपाठापाशी. पोरांकडं वह्या कुठल्या? पाट्या. रात्री लिहिलेलं गणित सकाळी देवळात पोचेस्तोवर सदऱ्याला पुसून जायचं.

"केला हुता गुरुजी, पर पुसला!"

हे उत्तर एकतीस तोंडांतून ऐकून ऐकून गुरुजींचं डोकं फिरायचं. "पुसला म्हणं! लबाडांनो, मला शिकवता व्हय?"

आणि वर शाळा तपासायला आलेले साहेब शेरेबुकात लिहून गेले: 'गृहपाठ आढळला नाही. पुढील भेटीत आढळल्यास तिसरी-चौथीच्या मंजुरीचा विचार करता येईल.'

आता वस्तीवर तिसरी नाही म्हणजे बावडा गाठायचा. मुलगे जातील कसेबसे, पण मुलींना रोज सहा मैल कोण चालू देतंय? दुसरीत सगळ्यांत चलाख होती नकोशी, आबाजी धनगराची पाचवी पोरगी. आबाजीनं गुरुजींना तोंडावर सांगितलं होतं, "दुसरी झाली की पोरगी मेंढरामागं जाईल. हितं तिसरी असती तर गोष्ट येगळी." गुरुजींना ते फार लागलं. दोन दिवस त्यांना भाकरी गोड लागली नाही.

तिसऱ्या दिवशी देवळात आल्या आल्या त्यांनी आरोळी ठोकली, "पाटी पुसती ना? मग घरच्या भितीवर ल्ह्या! भित काय सदऱ्याला घासती?"

झालं. प्रत्येक घरातली चुलीजवळची एक भिंत अभ्यासाला मिळाली. लिहायला कोळसा. गणितंही ज्या त्या घरची. माळ्याच्या घरी एका वाफ्यात रोपं किती, धनगराच्या घरी सात मेंढरांचे पाय किती. शनिवारी दुपारी गुरुजी घरोघर फिरून गेरूनं तपासायचे. बरोबरला खूण, चुकीवर आडवी रेघ, वर दुरुस्ती. बायका आधी कुरकुरल्या. "देवळात शाळा मावंना म्हणून आमच्या घरात घातली का?" नकोशीची आई रंगूबाई तर पहिल्या दिवशी फडकं घेऊनच उठली होती. मग सवय झाली. रंगूबाईचं जातं नेमकं त्या भिंतीसमोर. ती दळायची, नकोशी वाचून दाखवायची आणि रंगूबाई जात्याच्या घरघरीत "हूं, हूं" करायची. वर्षभरात भिंत खालपासून वरपर्यंत भरली.

छप्पन सालच्या मार्चात साहेबांचं कार्ड आलं. गुरुजींना आकाश ठेंगणं झालं. वस्तीभर सांगत सुटले, "उद्या साहेब येणार! घराघरांत येऊन तुमच्या भिती बघणार! तेवढ्या नीट ठेवा ग बायांनो, माजी अब्रू तुमच्या हातात हाय."

तुम्हीच सांगा, साहेब घरात येऊन भिंती बघणार म्हटल्यावर कुठली बाई हातावर हात ठेवून बसेल?

दुसऱ्या दिवशी गुरुजी दिवस उगवायला बावड्याला गेले आणि साहेबांना एस.टी.तून उतरवून बैलगाडीत घालून निघाले. वाटभर भिंतींचंच कौतुक. साहेब धोतराची धूळ झटकत ऐकत होते. "बघू," एवढंच म्हणाले.

पहिलं घर रंगूबाईचं. दारात रांगोळी. गुरुजी ऐटीत वाकून आत शिरले आणि जागच्या जागी थबकले.

भिंत पांढरीफेक. ताज्या मातीचा वास घरभर. वर कुंकवाची पाच बोटं.

"कशी झालीया?" रंगूबाईनं पदर खोचत विचारलं.

"रंगूबाई... भितीवरचा अभ्यास कुठं गेला?"

"आवं, पांढऱ्या मातीनं पोतारली की! सायब भित बघनार, आन् तिच्यावर त्यो कोळसा? लोक काय म्हनतील!"

"एकटीनं का समद्यांनी?"

"समद्यांनी. माती मीच तर खणून वाटली," रंगूबाई मोठ्या अभिमानानं म्हणाली.

गुरुजी जात्याशेजारी मट्कन बसलेच. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गुरुजी, गृहपाठ?"

"केला होता साहेब," गुरुजी कसंबसं म्हणाले, "पण पुसला."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. दाराशी नकोशी उभी होती. तिनं तोंडावर हात दाबला. हसत होती की रडत होती, कोण जाणे.

रंगूबाईनं एकदा गुरुजींकडं पाहिलं, एकदा लेकीकडं. काय घडलं ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. पण बाई धनगराची, हातपाय गाळून बसणारी न्हवं.

"आगं बया! इवढंच ना? मला ठावं हाय की काय काय हुतं ते."

तिनं चुलीतला विझका कोळसा उचलला. "ह्या कोनाड्याखाली सातचा पाढा." आणि नुकत्या पोतारलेल्या ओल्या भिंतीवर मोठे, थरथरते आकडे काढायला लागली. सात, चौदा, एकवीस. साहेब एक पाऊल पुढं आले. एकोणपन्नासच्या खाली तिनं चोपन्न लिहिले.

"चुकलं," साहेब म्हणाले.

"चुकलं न्हाय. पोरीनं आसंच ल्हिलं हुतं." तिनं वळून सरळ गुरुजींच्या कानावरचा गेरू काढून घेतला, चोपन्नावर लाल रेघ ओढली आणि वर छप्पन लिहून गुरुजींसारखीच खूण केली. "आन् ही गुरुजींची दुरुस्ती. हिकडं मेंढरांच्या पायाचं गणित हुतं. त्ये बी काढू?"

"तुम्हाला शिकवलं कुणी?"

"कुनी न्हाय. रोज दळाया बसते, समूर त्येच दिसतंय. दुसरं काय बगू?"

साहेब खो खो हसले. इतका वेळ ताठ उभा असलेला माणूस घोंगडीवर मांडी घालून बसला, शेरेबुक मागवलं आणि तिथंच लिहिलं: 'गृहपाठ दिला जातो, केला जातो व तपासला जातो. पुरावा समक्ष पाहिला. तिसरी-चौथीच्या मंजुरीची शिफारस करीत आहे.' मग टाक रंगूबाईपुढं केला. "बाई, साक्षीदार म्हणून खाली तुमचं नाव लिहा."

रंगूबाईनं जीभ दातांत धरून अक्षर न् अक्षर कोरलं. साहेबांनी वाचलं. 'नकोशी आबाजी.'

"हे मुलीचं नाव झालं. तुमचं लिहा."

"माजं कुठं हुतं भितीवर?" ती सहज म्हणाली.

गुरुजींना हे जिव्हारी लागलं. तीन वर्षं आठवड्याचा आठवडा आखला, आणि हे कधी सुचलं नाही? ते उठले, तडक देवळात गेले आणि पोरांना म्हणाले, "आजचा गृहपाठ, पहिली-दुसरी दोन्हीला एकच. आईचं नाव. दहा वेळा. पुसलं म्हणून सांगाल तर याद राखा!"

जूनमध्ये तिसरी भरली, आणि नकोशी अगदी पुढं, मारुतीच्या पायांशी बसली. पण गुरुजी पुढं जन्मभर सांगत राहिले ते साहेब येऊन गेले त्या आठवड्याच्या शनिवारचं.

नेहमीसारखे ते तपासायला आले. रंगूबाई दळत होती. भिंतीवर तिचं नाव दहा वेळा होतं. नऊ ओळी नकोशीच्या, गोल आणि नेटक्या. दहावी मोठी, थरथरती, चढणीला लागलेली.

"ही दहावी कुणाची?" गुरुजींनी विचारलं.

रंगूबाईनं जातं थांबवलं नाही, मानही वर केली नाही.

"तपासा की," ती म्हणाली.

गुरुजींनी कानावरचा गेरू काढला आणि त्या ओळीपुढं लाल खूण केली.