ज्या शनिवारचा पाठ

आमच्या शेजारच्या काकांनी जितका बोध केला, तितका सबंध मुंबईत कुणी कुणाला केला नसेल. बरं, बोध करणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. पण ती सवडीनं, आपल्याला सोयीचं तेवढंच सांगतात. काकांचं तसं नव्हतं. ते बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. दर शनिवारी सकाळी भायखळ्याकडच्या त्यांच्या प्रार्थनालयात जायचे. त्याला ते मशीदच म्हणत. तिथे तोराचा, म्हणजे मोशे या त्यांच्या प्रेषिताच्या धर्मग्रंथाचा, त्या आठवड्याचा नेमलेला भाग वाचला जाई. असे भाग वाचत वाचत वर्षाअखेर ग्रंथ संपतो आणि लगेच पहिल्या ओळीपासून सुरू होतो. शनिवारी वाहनात बसायचं नाही म्हणून काका उन्हापावसात चालत लालबागला परत यायचे, कोट खुंटीला लावायचे आणि गॅलरीतल्या बाकावर बसून ‘आजच्या पाठात काय आहे’ हे जो सापडेल त्याला सांगायचे. नुसती गोष्ट सांगून थांबले असते तर तक्रार नव्हती. पण त्यांचा असा ठाम सिद्धांत होता की चाळीत, कचेरीत, मुंबईत त्या आठवड्यात जी काही अडचण आली असेल तिचा उलगडा त्याच आठवड्याच्या पाठात असतो. आणि त्यात एक कडक नियम होता. ज्या शनिवारचा पाठ, त्या शनिवारचा बोध. मागच्या आठवड्याचा उसना घ्यायचा नाही, पुढच्याचा आगाऊ वापरायचा नाही. मग पाठात नुसती बैलबकऱ्यांची मोजदाद असो, काका त्यातून आमच्या नळाच्या रांगेपर्यंत येऊन पोचणारच. त्यांना मी हरलेलं पाहिलं नव्हतं.

एकदा पाठ आला तो महारोगाचा, आणि त्यातही घराच्या भिंतींना होणाऱ्या महारोगाचा. त्याच सुमाराला आमच्या मजल्यावरच्या मोरीलगतच्या भिंतीवर ओल येऊन नकाशे उमटले होते. घरमालक वर्षभर दाद देत नव्हता. काका त्या शनिवारी चालतच आले ते भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. ‘हिरवट आहे. तांबूसही आहे. दोन्ही लिहिलंय,’ म्हणाले. शनिवारी लिहायचं नाही, म्हणून रविवारी सकाळी त्यांनी मालकाला पत्र लिहिलं. त्यात सगळी रीत दिली होती. प्रथम घर रिकामं करावं, जाणत्यानं पाहणी करावी, सात दिवस घर बंद ठेवावं, गिलावा खरवडून गावाबाहेर टाकावा, नवा लावावा, आणि तरीही डाग परतल्यास इमारत पाडावी अशी आज्ञा आहे. तिसऱ्या दिवशी मालकाचे मेहताजी धापा टाकत जिना चढून आले. ‘काकासाहेब, ये इमारत पाडायचा कायदा कुठला? नवा निघाला काय?’ काका शांतपणे म्हणाले, ‘नाही हो, जुना आहे. मोशेच्या वेळचा.’ हा मोशे म्हणजे महापालिकेत कुणी साहेब असावा, असं मेहताजींना वाटलं असणार. त्याच आठवड्यात गवंडी आला आणि आमची भिंत कोरडी झाली. त्यानंतर काही महिने चाळीतली माणसं आपापली गळकी छपरं दाखवायला काकांना बोलावून नेत, पण काका नकार देत. ‘तो पाठ गेला. आता पुढच्या वर्षी,’ म्हणत.

कचेरीत मात्र हे जरा अंगाशी यायचं. काका आणि माझे बाबा एकाच कचेरीत कारकून. त्यामुळे तिथले पराक्रम बाबांकडून आमच्या कानावर येत, आणि बाबा ते कपाळाला हात लावूनच सांगत. एका पाठात गाढवीला वाटेत देवदूत दिसतो, पण तिच्यावर बसलेल्या ज्ञानी माणसाला दिसत नाही, तो बिचारीलाच झोडपतो. सोमवारी मोठ्या साहेबांनी काकांचं टिपण फेटाळलं. तेव्हा काका अगदी नम्रपणे म्हणाले, ‘साहेब, कधीकधी वर बसलेल्याला दिसत नाही ते खालच्याला दिसतं.’ एवढ्यावर थांबावं की नाही! साहेबांनी ‘म्हणजे?’ विचारताच काकांनी संपूर्ण गोष्ट गाढवीसकट ऐकवली. ‘अहो, त्यात तुम्ही स्वतःला गाढव म्हणवून घेतलंत की!’ बाबा घरी येऊन काकांवर ओरडले. ‘मी स्वतःलाच म्हणालो ना? मग साहेबांना राग का यावा?’ काकांना खरोखरच ते कळलं नव्हतं. त्या वर्षी त्यांची बढती राहिली.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. सगळं गिरणगाव पेटलेलं. आमच्या चाळीत घोषणा ऐकल्याशिवाय दूध उतू जात नसे म्हणायला हरकत नाही. काकांना तर ही चळवळ आणि तोरा वेगळी करताच येत नसे. एका पाठात मोशे नव्या देशाची पाहणी करायला बारा माणसं पाठवतो. त्यातली दहा परत येऊन सांगतात की तिथे राक्षस राहतात, त्यांच्यापुढे आपण टोळ. आमचे बाबा चळवळीच्या बाजूचे खरे, पण स्वभावानं निराश. ‘मुंबई काही मिळत नसते हो,’ हे त्यांचं पालुपद. काका तेव्हापासून त्यांना ‘दहांतले एक’ म्हणू लागले. मोर्चा शनिवारी निघाला की काकांची पंचाईत होई. जायचं तर असे, पण शनिवारी ओझं वाहायचं नाही हा धर्म. कुणीतरी हातात फलक द्यायला आला की काका हात मागे बांधून घेत. ‘काका, धरा की जरा!’ ‘फलक नको रे बाबा, आज शनिवार. घोषणा दे, तिला वजन नसतं.’ आणि मग परळ नाक्यापर्यंत ‘झालाच पाहिजे’ असं काही ओरडत जात की रविवार-सोमवार त्यांचा आवाजच फुटत नसे. काकू हळददूध देताना पुटपुटत, ‘देवानं आज्ञा पाठीला दिली, घशाला द्यायला हवी होती.’

त्यांची एकुलती एक मुलगी, चाळभर सगळे तिला बाय म्हणत, लग्न होऊन नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली. तेव्हा त्यांच्यातली पुष्कळ कुटुंबं जात होती. वर्षभरात तिची पत्रं सुरू झाली की तुम्ही दोघंही या, इथे घर मिळतं, आम्हाला एकटं वाटतं. काकूंचं मन केव्हाच तिकडे जाऊन बसलं होतं. काका मात्र म्हणत, ‘पाठ सांगेल तसं करू.’ आम्ही सगळे मनातून म्हणायचो, पाठ काही न सांगो. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. काका नसलेली चाळ मला डोळ्यांपुढे आणता येत नव्हती आणि आणायचीही नव्हती.

आणि दिवाळीच्या आसपास एका शनिवारी तो पाठच आला. ‘आपला देश, आपलं गणगोत, आपल्या बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशी जा,’ असं देव त्यांच्या मूळपुरुषाला, अब्राहामाला सांगतो. याहून स्पष्ट बोध काय असणार! काकूंनी आदल्या दिवशीच आम्हाला बातमी देऊन ठेवली होती. त्या दुपारी गॅलरीत पंधरा माणसं तरी जमली. काका आले, कोट खुंटीला लावून बसले. म्हणाले, ‘आज्ञा स्पष्ट आहे. पण अब्राहाम निघाला तेव्हा त्याचं वय पंचाहत्तर होतं, तसं लिहिलंय. मी छप्पन्नचा. म्हणजे अजून एकोणीस वर्षं.’ गॅलरी हसून लोटपोट झाली. काकू हसल्या नाहीत. ‘अख्ख्या दुनियेला बोध करता, आणि पोटच्या पोरीची पाळी आली की वयाचा दाखला काढता,’ म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

पुढे काकांनी दुसरी ढाल धरली. महाराष्ट्र झाल्याशिवाय लालबाग सोडणार नाही. आणि मग महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. त्या दिवशी काकांनी बाबांना खांद्याला धरून गदागदा हलवलं. ‘काय हो दहांतले एक?’ आम्ही पेढे वाटले. जूनमध्ये बायचं पत्र आलं. तिची मुलगी दीड वर्षाची झाली होती, बोलायला लागली होती, पण सगळं तिकडच्या भाषेत. ‘घरात मराठी बोलायला आम्ही दोघंच, तीही कामावरून दमून आल्यावर. आजीआजोबांशी ही कधी बोलेल असं वाटत नाही,’ असं बायनं लिहिलं होतं. काकूंनी ते पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं, काका ऐकत असताना. वाचून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘मराठीसाठी इतकी वर्षं घसा फोडलात. आता नातीशी मराठी कोण बोलणार?’

महिन्याभरानं असा पाठ आला ज्यात देव मोशेला त्या नव्या देशाच्या चतुःसीमा आखून देतो. बाबांसकट सगळ्यांची खात्री होती की आज बेळगाव-कारवारचा निकाल लागणार. पण काका सीमांवर आलेच नाहीत. त्याच पाठाच्या सुरुवातीला मोशेबरोबर निघालेल्या लोकांच्या रानातल्या चाळीस वर्षांच्या मुक्कामांची यादी आहे. इथून निघाले, तिथे तळ दिला. तिथून निघाले, आणखी कुठे तळ दिला. बेचाळीस नावं. काका म्हणाले, ‘दरवर्षी ही यादी वाचताना मला डुलकी लागायची. यातल्या कितीतरी जागी काहीसुद्धा घडलं नाही. नुसते राहिले आणि निघाले. तरी देवानं एक नाव गाळलं नाही. आपण जिथे राहिलो ती जागा पुसून पुढे जायचं नसतं, एवढंच त्यात आहे. पण निघायचं असतं, हेही आहे.’ मग बाबांकडे न बघता म्हणाले, ‘आम्ही जातो.’ बाबांनी पानाचा डबा उघडला आणि पान न लावताच मिटला.

गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांचं पहिलं पत्र आलं. तब्येत, हवा, नातीचं कौतुक सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘शनिवारी पाठ ऐकतो. घरी येऊन दारात बसतो. बोध काही सुचत नाही. समोर कुणी लागतं, हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.’ मी रडले. मला म्हाताऱ्याचा रागही आला, हे कळायला तिकडे जावं लागलं म्हणून. बाबा मात्र उठले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन काकांना पत्र लिहिलं. एकाच ओळीचं. ‘बोध टपालानं पाठवा, आम्ही बसलो आहोत.’

मग पत्रं येऊ लागली. ती यायला तीन-तीन आठवडे लागत, त्यामुळे आमच्या चाळीतला बोध कायम शिळा असायचा. तरी बाबा शनिवारी दुपारी बाकावर बसून तो मोठ्यानं वाचत. काही वर्षांनी एक पत्र आलं. नात आता पाच-सहा वर्षांची झाली होती आणि दर शनिवारी काकांच्या मांडीवर बसून पाठ मराठीत ऐकत होती. काकांना दाखले देता येत ते फक्त इथलेच, त्यामुळे अब्राहामाच्या गोष्टीत मेहताजी येत आणि मोशेच्या गोष्टीत आमचा मोर्चा येई. एकदा तिनं विचारलं, ‘आजोबा, मोशे लालबागला किती दिवस राहिला?’ काकांनी लिहिलं होतं, ‘तिला खरं सांगावं असं फार वाटलं, पण सांगितलं नाही. पुष्कळ दिवस राहिला म्हणालो.’

बाबांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग पत्राची घडी घालत कुणाकडेही न बघता म्हणाले, ‘राहिला होता खरा.’