बिनवायरचा प्रिंटर आणि तिसरं नाव

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला अराबा ओटूनं ती गुळगुळीत पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि टेबलावर अशी आपटली की ताटलीतला तळलेला मासा आंबवलेल्या मक्याच्या, केंकेच्या, गोळ्यावरून खाली घसरला.

"शी! थू तुमच्या जिनगानीवर!" ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, पण अराबाला बोलायला समोर माणूस लागतच नसे.

पुस्तिका एकुआ बेंत्सिवाच्या अंत्यविधीची. अंगणापलीकडच्या खोलीत राहणारी एकुआ, अराबाची चाळीस वर्षांची मैत्रीण, पाच आठवड्यांपूर्वी गेली; तेव्हापासून देह शवागारात होता, कारण त्यांच्याकडं अंत्यविधी सगळी तयारी झाल्यावरच करतात. उद्या शनिवारी केप कोस्टच्या चर्चमध्ये ही पुस्तिका माणसामाणसाच्या हातात पडणार होती. वर एकुआचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो आणि आत तिचं चरित्र. 'दिवंगत एकुआ या यशस्वी उद्योजिका होत्या.' उद्योजिका! पस्तीस वर्षं जिनं भट्टीपुढं बसून मासे धुरावले, जिच्या केसांनाच काय, बायबललासुद्धा धुराचा वास यायचा, ती म्हणे उद्योजिका. 'त्यांचा स्वभाव मितभाषी होता.' आता काय बोलायचं? एकुआ किनाऱ्यावर होडीवाल्याशी भाव करायला लागली की चर्चची घंटा ऐकू येत नसे.

मेल्या म्हशीला मणभर दूध, हे काही अराबाला नवं नव्हतं. मुलींच्या शाळेच्या कचेरीत तिनं एकतीस वर्षं टायपिंग केलं आणि निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या मेलेल्यांची चरित्रं तीच लिहून देत होती. दारुड्यांना तिनं 'मनमिळाऊ' केलं होतं आणि बायकोला बडवणाऱ्यांना 'शिस्तप्रिय'. दरवेळी तोंड कडू व्हायचं. दरवेळी ती चूळ भरायची आणि पुढचं पान टाइप करायची.

पण आजचा कडूपणा चूळ भरून जाणारा नव्हता. शेवटच्या पानावर 'अपत्ये' असा मथळा होता आणि त्याखाली दोनच नावं: पान्यिन आणि काक्रा, एकुआचे जुळे मुलगे. अराबानं बुधवारी एकुआच्या घराण्याला चरित्रासकट लिहून दिलेल्या कागदावर तीन नावं होती. तिसरं नाव झिफाचं.

झिफा दोन वर्षांची असताना तिची आई किनाऱ्यावरच्या एका झोपडीत तापानं मेली. जाळी ओढायला पूर्वेकडून आलेली ती माणसं, महिन्याभरानं पुढं निघून गेली. पोर मागं राहिली ती एकुआच्या पाठीवर. तिथंच वाढली, भट्टीपुढं बसायला शिकली, आणि शेवटच्या आजारपणात एकुआला उचलून आंघोळ घालणारीही तीच होती. जुळे टाकोराडीहून फोन करायचे, 'आई कशी आहेस' म्हणायचे. त्यांनाही दोष नाही द्यायचा, पण आंघोळ फोनवरून घालता येत नाही.

मरायच्या आधी एकुआनं अराबाचा हात धरला होता. "माझं तू लिही. मला संत करू नकोस. फक्त पोरीचं नाव यादीत घाल." अराबा हो म्हणाली होती.

कारण यादी म्हणजे यादी. ज्याचं नाव छापलं तो शवपेटीमागून चालतो, लाल-काळं वस्त्र नेसून पुढच्या रांगेत बसतो आणि आईसाठी मोठ्यानं रडतो. ज्याचं नाव नाही तो मंडपात पाहुण्यांबरोबर बसतो आणि रुमालानं डोळे टिपतो. पुस्तिका लोक कपाटात वर्षानुवर्षं ठेवतात. पुढं कधी वाद झाला तर तीच काढून दाखवतात.

अराबा चपला घालून तडक अंगणात गेली. एकुआच्या घराण्याचा मुखिया क्वामेना, ज्याला सगळे मानानं एग्या म्हणत, मंडपवाल्यांना हातवारे करून बांबू कुठं रोवायचे ते सांगत होता. एकुआ जिवंत असताना हा माणूस वर्षातून एकदा, धुरावलेले मासे फुकट न्यायला यायचा. आता आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला होता. पहिल्याच दिवशी त्यानं रिवाजाप्रमाणं मृताच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि झिफाला तिच्या गाठोड्यासकट बाहेर काढलं. तेव्हापासून ती अराबाच्या स्वयंपाकघरात चटईवर झोपत होती.

"एग्या, एक नाव गळलंय," अराबा म्हणाली.

"गळलेलं नाही, मॅडम. गाळलंय." मुखियानं मान वळवायचीही तसदी घेतली नाही. "वाऱ्याबरोबर आलेली पोर ती. आमच्या रक्ताची नाही. उद्या भट्ट्यांवर हक्क सांगेल."

"भट्ट्या तिनंच तर लिंपल्यात."

"तुम्ही टायपिस्टबाई आहात ना? मग टाइप करा. घराणं आम्ही बघतो. येऊ द्या तिला उद्या, बसू द्या पाहुण्यांत. आम्ही काय जेवायला नाही म्हणतो का?"

अराबानं नाक मुरडलं. त्याच्या तोंडाला कालच्या पाम-दारूचा वास होता आणि तो दात कोरत बोलत होता. तिनं उत्तर दिलं नाही. अराबा ओटू जेव्हा उत्तर देत नाही तेव्हा गल्लीतले शहाणे लोक दार लावून घेतात.

तिनं ठरवलं: आपण आपलं पान छापायचं. एकच कागद, मधून दुमडलेला. खरं चरित्र आणि तीन नावांची यादी. सत्तर प्रती, चर्चच्या फाटकात वाटायच्या. एकदा लोकांच्या हातात गेलं की मुखियाच्या बापालाही परत गोळा करता येणार नाही.

छापखान्यात जायचा प्रश्नच नव्हता. शुक्रवारी गावातला प्रत्येक छापखाना शनिवारच्या मेलेल्यांनी भरलेला असतो, आणि ओळखीचा जो एक होता तो मुखियाचा मेहुणा. राहिला घरचा प्रिंटर. भाचा फिफीनं टोरांटोहून गेल्या वर्षी पाठवलेला, पांढराशुभ्र, वरचा प्लास्टिकचा कागद अजून न काढलेला. बिनवायरचा. कॉम्प्युटरला जोडायची वायर म्हणजे नाहीच, पेटीतसुद्धा नव्हती.

अराबानं कॉम्प्युटर लावला, पान उघडलं, छापायचा हुकूम दिला. पडद्यावर उत्तर आलं: प्रिंटर सापडत नाही.

"सापडत नाही? हातभर अंतरावर बसलाय मेला!"

तिनं तो बंद करून चालू केला. तो घरघरला, आतली शाई इकडून तिकडं नेली आणि गप्प बसला. निळा दिवा तेवढा लुकलुकत राहिला. तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. प्रिंटर सापडत नाही. तिनं प्रिंटर उचलून कॉम्प्युटरला खेटून ठेवला. सापडत नाही. शेवटी वर्षभर जपलेला प्लास्टिकचा कागद टराटरा फाडला, की बाबा, गुदमरत असशील. तरी सापडत नाही.

"जुना प्रिंटर खरकट्या भांड्यासारखा दिसायचा, पण सांगितलं की छापायचा," ती यंत्राला म्हणाली. "तू नुसता गोरागोमटा. शी! बघवत नाही तुझ्याकडं."

मग तिनं फिफीला फोन लावला. तिकडं पहाट होती, पण मावशीचा फोन न उचलायची हिंमत त्याच्यात नव्हती.

"मावशी, तुझ्या कॉम्प्युटरला नेट आहे?"

"आहे. माझ्या फोनवरून घेते. झिफानं जोडून दिलंय."

"मग प्रिंटरही त्याच नेटवर पाहिजे. दोघं एका घरात असल्याशिवाय बोलणार कसे? वरचं बटण पाच सेकंद दाब."

"दाबलं."

"दिवा जांभळा झाला?"

"निळाच आहे. लुकलुकतोय."

"मग खालचं दाब. दोन्ही दाब. आता सोड. आता काय दिसतंय?"

"माझं कपाळ दिसतंय!"

तासभर हा उंटावरून शेळ्या हाकत होता. शेवटी म्हणाला, की नव्यानं जोडायचं तर पेटीतली तबकडी लागेल. तबकडी? ती चकचकीत चकती अराबानं केव्हाच पपईच्या झाडाला टांगली होती, पाखरं हाकलायला. उन्हापावसानं तिचे पापुद्रे निघाले होते. अराबानं हे भाच्याला सांगितलं नाही. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिली. दुपारचे बारा वाजले होते. बाहेर मंडपावर काळं-लाल कापड चढत होतं आणि मुखिया कुणाला तरी बिअरच्या पेट्या मोजायला सांगत होता. त्या आवाजाचीही तिला किळस आली. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त किळस तिला स्वतःचीच आली. आजवर लोकांसाठी एवढं खोटं छापलं, तेव्हा एकदाही यंत्र अडलं नव्हतं.

झिफा दारात आली. हात राखेनं भरलेले, कारण उद्याच्या जेवणाचे मासे तिच्याकडूनच धुरावून घेणं चालू होतं. तेवढ्यापुरती ती घराण्याला चालत होती.

"आंटी, राहू द्या," ती म्हणाली. "बसेन मी पाहुण्यांत. मामाला काय, मामाला माहीत होतं मी कोण ते." ती एकुआला मामा म्हणायची, त्यांच्याकडं आईला तसंच म्हणतात.

"तू गप्प बस. इकडं ये आणि या मेल्याचं काय दुखतंय ते बघ."

झिफानं हात पुसले आणि वाकून दिव्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सावकाश म्हणाली, "आंटी, हा बिघडलेला नाही. हा मामाचा डबा शोधतोय."

"कसला डबा?"

"नेटचा डबा. हा आला तेव्हा मीच त्याला मामाच्या डब्याला जोडला होता."

अराबाच्या डोक्यात आता उजेड पडला. नातवंडांची तोंडं बघता यावीत म्हणून एकुआनं नेटचा डबा घेतला होता आणि अख्खं अंगण तोच वापरायचं. ती गेली, मुखियानं खोलीला कुलूप लावलं, डबा आत राहिला. प्रत्येक खोलीचं विजेचं मीटर वेगळं. मेलेल्या बाईच्या मीटरमध्ये पैसे कोण भरणार? आठवड्याभरात वीज संपली, डबा विझला. सगळे म्हणाले नेट गेलं, आणि ज्यानं त्यानं फोनवर आपापली सोय केली. का गेलं, हे एकानंही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे कुलपाकडं बघायला लागलं असतं. चार आठवडे फक्त हे यंत्र एकुआला हाका मारत होतं.

"मुखिया कुलूप काढणार नाही," अराबा म्हणाली.

"काढायला नको. तुमच्या फोनच्या नेटला मामाच्या डब्याचं नाव द्यायचं आणि तोच परवलीचा शब्द. त्याला वाटेल डबा आला."

"मग दे की! शब्द काय होता?"

झिफानं फोन हातात घेतला, पण बोटं हलेनात. तीन वर्षं अंगणातला जो कोणी नेट मागायला यायचा, त्याचा फोन एकुआ झिफाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, 'तूच टाक, मला कुठं लिहिता येतं.' शब्द दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हता.

"अगं, बोल ना. काय शिवी आहे का?"

"डबा लावायला माणूस आला होता," झिफा जमिनीकडं बघत म्हणाली. "त्यानं विचारलं, बाई, असा शब्द सांगा जो तुम्ही कधी विसरणार नाही. मामानं त्याला सांगितलं, लिही: झिफा माझी लेक. सगळं जोडून, मधे जागा न सोडता."

अराबानं चष्मा काढला. तो वस्त्राच्या टोकानं पुसायला लागली आणि पुसतच राहिली. झिफानं एकेक अक्षर टाकलं. निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. प्रिंटर घरघरला, कागद ओढून घेतला आणि तिसऱ्या नावासकट बाहेर टाकला.

"मेल्या," अराबा त्याला म्हणाली, पण या वेळी जरा हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चर्चच्या फाटकात उभी राहिली. झिफाला तिनं लाल-काळं वस्त्र नेसायला लावून शेजारी उभं केलं होतं. पाहुणे येत गेले, एका हातात मुखियाची गुळगुळीत पुस्तिका, दुसऱ्या हातात अराबाचं दुमडलेलं पान. मासेवाल्या बायका घोळक्यानं आल्या. त्यांच्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. सगळ्यात म्हातारी होती तिनं पान झिफापुढं धरलं. "तुझं नाव कुठंय गं? माझं बोट ठेव त्याच्यावर." झिफानं ठेवलं. मग दुसरीनं बोट पुढं केलं, मग तिसरीनं.

मुखिया पान फडकवत आला. "हे कुणी छापलं?"

"प्रिंटरनं," अराबा म्हणाली. "त्याच्यात बिघाड आहे, एग्या. दोन नावं सांगितली तरी तीनच छापतो."

"मी असलं चालू देणार नाही! ही बाहेर बसेल!"

म्हातारीनं नावावरचं बोट उचललं नाही. तसंच पान धरून ती मुखियाच्या वाटेत उभी राहिली आणि तिच्यामागं बाकीच्या पंधरावीस जणी, प्रत्येकीचं बोट कागदावर. "बाजूला हो रे क्वामेना," ती म्हणाली. "फुकटचे मासे खाताना विचारलं होतंस का, कुणाच्या हातचे आहेत म्हणून? लेकीला आत जाऊ दे."

आजूबाजूचे लोक बघायला लागले. मुखियानं फडकवलेलं पान खाली केलं आणि तो बाजूला झाला.

आत पान्यिन आणि काक्रा पुढच्या रांगेत बसले होते. दोघांनी हातातलं पान वाचलं होतं. पान्यिन जागेवरून उठला, एक खुर्ची पलीकडं सरकला आणि मधली जागा रिकामी केली.

चरित्र मात्र मुखियाचंच वाचलं गेलं. 'मितभाषी' हा शब्द आला तेव्हा मासेवाल्या खो-खो हसल्या आणि अराबाचं तोंड पुन्हा कडू झालं. पण तिनं चूळ भरायला बाहेर जायचं टाळलं. पुढच्या रांगेत झिफा रडत होती, रुमाल न घेता, मोठ्यानं.