बांधावरचा बाबा

माझ्या माहेरच्या रानात बांधावर एक दगड आहे. गुडघ्याच्या थोडा वर येणारा, शेंदरानं इतका माखलेला की त्याचा मूळचा रंग आमच्यापैकी कुणी बघितलेला नव्हता. डिंगोऱ्याच्या शिवारात आमचं रान संपतं आणि शेजारच्या बांधकऱ्यांचं सुरू होतं, नेमका तिथं तो उभा. घरात त्याला 'बाबा' म्हणतात. बाबा म्हणजे आमचा मूळ पुरुष, मेंढरं घेऊन ह्या मुलखात पहिल्यांदा आलेला. तो गेला तेव्हा पोरांनी नदीवरून हा दगड खांद्यावर वाहून आणला आणि त्याला पुरलं तिथं बसवला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

ऐकवणारे आप्पा, माझे थोरले चुलते. वय ऐंशीच्या पुढं. कान गेलेत, पण स्वतःच्या फायद्याचं तेवढं बरोबर ऐकू येतं. आप्पांच्या गोष्टीत बाबा पांढऱ्या घोड्यावरून आला. बिबट्यानं वाट अडवली, तर बाबानं त्याला नुसत्या काठीनं लोळवला. हे जनावर दरवर्षी वीतभर वाढायचं. मी चौथीत होते तेव्हा तो बिबट्या होता, माझं लग्न झालं तोवर त्याचा पट्टेरी वाघ झाला होता. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर आप्पा म्हणाले, "शिनोलीला दिल्यापासून लई शहाणी झालीस."

मी शाळेत बाई होते, आता निवृत्त आहे. निवृत्त माणसाला लोक रिकामं समजतात, आणि ह्याचा मला भयंकर राग येतो. भाऊबीजेला माहेरी गेले, ओवाळणं झालं, आणि आप्पांनी मला ओट्यावर बोलावून घेतलं.

"बाबाची घुमटी बांधायची," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत. फरशीवर त्याचा इतिहास कोरायचा. तू लिही."

"काय लिहू? वाघ?"

"खरं लिही. सरकारात जाऊन कागद काढ. कागदावर असलं की कुणी बोलत न्हाई."

हे 'कुणी' म्हणजे बांधकरी. आप्पांच्याच वयाचे. दोघं एका शाळेत एका बाकावर बसले, एका विहिरीत पोहायला शिकले, आणि मिसरूड फुटल्यापासून एका बांधावरून भांडतायत. आमच्याकडचा बांध दर नांगरटीला थोडा सरकतो, आणि सरकवणारा कधीच कुणी नसतो. घुमटीचं कानावर गेल्यावर बांधकरी पारावर म्हणाले, "बांधा की राव. पण तुमच्या रानात बांधा. बाबा आमच्यात उभा हाय." आप्पांना हे ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरकारी मोजणीचे पैसे भरले. सरकारनं हद्द शोधायची, मी बाबा शोधायचा, अशी कामाची वाटणी झाली.

मी जुन्नरला खेटे घालायला लागले. जुनी दप्तरं बघायला मिळाली, तिथली माणसंही चांगली वागली. अडचण होती ती मोडीची. सगळं लिखाण एकमेकांचा हात धरून फुगडी घालत असल्यासारखं. शेवटी जुन्नरातच एक निवृत्त गृहस्थ भेटले, मोडी वाचणारे. त्यांची एकच अट होती: वाचताना मध्ये बोलायचं नाही. मला ही अट म्हणजे शिक्षाच. मी पदराचा बोळा तोंडाशी धरून बसायची.

पहिल्यांदा बाबा सापडला तो कोंडवाड्यात. म्हणजे त्याची मेंढरं. ती कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली, धरली गेली, दंड भरून सुटली. मी म्हटलं, होतं असं एखाद्या वेळी. पुढच्या कागदात ती सरकारी कुरणात शिरली. त्याच्या पुढच्या कागदात त्याला चावडीवर बोलावून समज दिली होती, आणि त्याच्याही पुढच्यात मेंढरं परत हरभऱ्यात. मोडीवाले गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या पूर्वजांना हरभरा फार प्रिय दिसतो." मी मान डोलावली, कारण बोलायचं नव्हतं.

पांढरा घोडा कुठंही नव्हता. बिबट्या मात्र निघाला. बाबानं सरकारात अर्ज केला होता की बिबट्यानं माझी मेंढरं नेली, मी बुडालो, तरी चराईचा कर माफ व्हावा. मला एकदम भरून आलं. म्हटलं, आप्पा, तुमचं जनावर सापडलं. तर खाली कारकुनाचा शेरा होता की मेंढरं जागेवर जाऊन मोजली, सगळी भरली.

आमच्या मूळ पुरुषाची आठवण सरकारनं ठेवली होती, पण फक्त तक्रारींतून. जन्म नाही, लग्न नाही, तो काय खायचा, कुणावर जीव लावायचा, काही नाही. मेंढरांनी काय खाल्लं ते मात्र जिथल्या तिथं. आणि तक्रार करणारा दर वेळी एकच माणूस. आडनाव ऐकलं आणि माझ्या तोंडातून शब्द निघालाच. ते आमचे बांधकरी. म्हणजे त्यांचा त्या वेळचा म्हातारा.

मग एक निराळाच कागद निघाला. ह्या मेंढक्याला गावातून काढावं अशी काही लोकांची मागणी होती, आणि त्याला जामीन राहिला होता तोच बांधकरी. म्हणे हा माणूस माझ्या रानात मेंढरं बसवतो, ह्याला घालवू नये. आमच्याकडं ज्यानं रान केलंय त्याला हे सांगायला नको. पीक निघाल्यावर रानात चार-आठ रात्री मेंढरं बसवली की लेंड्यांचं असं खत होतं की दुसरं काही टाकायला नको. मेंढक्याला त्याचं धान्य मिळतं. म्हणजे पीक उभं असलं की तक्रार, आणि पीक निघालं की आमंत्रण. त्यानंतरच्या कागदात बांधकऱ्यांच्या शेजारच्या पडीक तुकड्यापुढं बाबाचं नाव लागलं होतं. आणि पुढं एकदम त्याच्या पोरांची नावं. बाबा गायब.

खरं सांगते, मला तो माणूस लई आवडला. घोड्यावरच्या बाबाला मी आयुष्यभर नुसता नमस्कार केला होता. ह्या बाबाला मला चहा पाजावासा वाटला. चार पिढ्या आमच्या घरात जो आडमुठेपणा चालत आलाय, तो कुठून आला तेही कळलं. माझ्यातही आहे तो.

घरी जाऊन मी सगळं आप्पांना वाचून दाखवलं, मोठ्यानं, दोनदा. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"ह्ये आपलं न्हाई," ते म्हणाले. "त्या नावाचा दुसरा कुणी चोर असंल."

"आप्पा, रान आपलंच आहे ना? त्याच तुकड्यावर नाव आहे."

"मग ह्ये कोरायचं फरशीवर? हरभरा खाल्ला म्हणून?"

आतून काकूंचा हसण्याचा आवाज आला. काकूंनी हसून घ्यावं असे प्रसंग त्या घरात थोडे आले असतील. आप्पा मात्र उठून गेले, आणि नंतर कितीतरी दिवस त्यांचा मला फोन नाही. मीही केला नाही. आडमुठेपणाचं मघाशी सांगितलंच.

मोजणीच्या दिवशी मात्र सांगावा आला. गेले. काकूंनी पुरणपोळीचा नैवेद्य केला होता, मोजणी आपल्या बाजूनं व्हावी म्हणून बाबापुढं ठेवायला. बांधावर पंच जमले. बांधकरी पांढरीशुभ्र टोपी घालून आले, लग्नाला आल्यासारखे. मोजणीचा साहेब तरुण पोरगा होता. हातात उंच काठी आणि तिच्या टोकावर छत्रीसारखं मशीन. तो इकडं गेला, तिकडं गेला, परत आला, आणि दगडापुढं गुडघे टेकून बसला.

आप्पांनी मला कोपर मारलं. "बघ, साहेब असून पाया पडतोय."

साहेब पाया पडत नव्हता. त्यानं विचारलं, "जरा खरवडू का?" आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं खुरप्याच्या टोकानं वर टोचलं. शेंदराचं जाड टरफल अख्खंच्या अख्खं सुटून खाली पडलं. काकूंनी डोळे मिटून घेतले. आत काळा दगड, आणि त्याच्या माथ्यावर छिन्नीनं मारलेली ठसठशीत फुली.

"ही मोजणीची खूण आहे," साहेब म्हणाला. "इंग्रजांच्या वेळची असेल. तुम्ही हद्दीच्या दगडाला नैवेद्य दाखवताय, आजोबा."

साहेबानं पुढचं नीट समजावून सांगितलं. आसपासच्या बाकी खुणा नांगरात गेल्यात. हा दगड मूळ जागेवरचा असेल तर हद्द इथून सरळ धरायची, आणि पुढं आमच्याकडं वाकत आलेल्या बांधापलीकडचा पट्टा, जो बांधकरी करतायत, तो आमचा. पण दगड दुसरीकडून आणून बसवलेला असेल तर ह्या खुणेला अर्थ नाही, पट्टा त्यांचाच राहणार. "तेव्हा पंचांसमोर सांगा, दगड हललाय का?"

बांधकऱ्यांचा चेहरा उजळला. "सांगा आप्पा," ते म्हणाले. "नदीवरनं खांद्यावर कुणी आणला ते सांगा सायबाला. लई वेळा सांगितलंय तुमी आमाला."

सगळे आप्पांकडं बघायला लागले. त्या पट्ट्यासाठी आप्पांचे वडील भांडत गेले, आणि आप्पांचं स्वतःचं आयुष्य त्यात गेलं. आणि बाबाची घुमटी, हे त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी मागितलेलं एकच काम. एका वाक्यात दोन्हीपैकी एक जाणार होतं. आप्पांनी टोपी काढली, परत घातली. मला त्यांची इतकी कणव आली की वाटलं, वाघसुद्धा खरा असू दे.

"कुणी न्हाई आणला," आप्पा म्हणाले. "दगड जागेवरचाच हाय."

"आन् खांद्यावर आणल्याचं?"

"ती गोष्ट झाली. पोरं झोपंनात म्हणून सांगायची."

"आप्पा," बांधकरी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता, "बापाला नाकारता व्हय रानापायी?"

"बाबानं सगळी मेंढरं जागेवर असताना बिबट्यानं न्हेली म्हणून सरकारात सांगितलं," आप्पा म्हणाले. "आज तो असता तर ह्येच बोलला असता. हिला इचारा, कागद हाय तिच्याकडं."

सह्या झाल्या. साहेबानं जाताना बजावलं की दगडावर शेंदूर लावायचा नाही, बांधकाम तर नाहीच. पंच गेले, बांधकरीही गेले. काकू ताट घेऊन उभ्याच होत्या. "आता ह्ये कुठं ठिवू?" त्यांनी विचारलं.

आप्पा बांधावर बसले. पट्टा मिळाला होता, पण तोंड असं की घरात कुणी गेलंय. मी शेजारी टेकले.

"मग त्याला पुरलाय कुठं?" त्यांनी विचारलं.

"कागदात नाही, आप्पा."

"नीट बघ की."

"बघितलं. त्याचं मरण कुठंच लिहिलेलं नाही."

ते रानाकडं बघत राहिले, टोमॅटोच्या सरींकडं, त्यापलीकडच्या उसाकडं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही. "म्हंजे ह्यातच कुठंतरी," ते म्हणाले. मग वाकून चपला काढल्या, काकूंच्या हातातून ताट घेतलं आणि सरीसरीनं पुरणपोळीचे तुकडे टाकत पार उसापर्यंत गेले.

तेव्हापासून आप्पा रानात चपला घालत नाहीत. काटा भरला की काढत बसतात, पण घालत नाहीत. इतरांनाही घालू देत नाहीत. थुंकायचं नाही, आणि लघवीला तर बसायचंच नाही, म्हातारा कुठंही असेल. माझा चुलतभाऊ वैतागून म्हणाला, "मग जायाचं कुठं?"

"पलीकडं जा," आप्पा म्हणाले. "त्यांच्या रानात."

बांधकऱ्यांना हे कळलं तेव्हा मी माहेरीच होते. ते तरातरा बांधावर आले. आता तोंड सुटणार म्हणून मी पदर खोचून तयार झाले. पण ते भांडले नाहीत. म्हणाले, "आप्पा, तवा बांध कुठं व्हता कुणाला ठावं. मेंढरं तर आमच्याच रानात बसायची. तुमचा बाबा आमच्यातबी असंल."

आप्पांनी कानामागं हात धरला. मला वाटलं, ऐकू आलं नसावं.

"मग तुमीबी काढा चपला," ते म्हणाले.

बांधकऱ्यांनी आमच्या दगडाला हात टेकला, आणि एकेक करून दोन्ही काढल्या.