पाटीवर जागा नव्हती

आमच्या जुन्या केबल चॅनलवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. रोज सकाळी कुणीतरी त्यात गुलाबाचं फूल टाकतं आणि मागोमाग एखादा जुना किस्सा. एकानं एक सांगितला की दुसऱ्याला तिसरा आठवतो, आणि खाली सगळ्यांचे दात काढून हसणारे चेहरे! वर मला म्हणतात, "वैशाली, तू लेखिका, तू लिही की हे सगळं. लई मजा यायची." मजा तुम्हाला येत असेल बाबांनो. मला अजून राग येतो. तरी लिहिते, पण माझ्या पद्धतीनं.

शहरात तेव्हा केबल नवी होती. दिलीपशेठ आमचे मालक. गारखेड्यात त्यांचं घर, खाली केबलचं ऑफिस आणि वरचा हॉल म्हणजे आमचा स्टुडिओ. रोज दुपारी दोन वाजता अर्धा तास कौटुंबिक मालिका, तीही लाइव्ह! लाइव्ह करायची कुणाला हौस नव्हती. एडिटिंगचं मशीनच नव्हतं. कॅमेऱ्यासमोर जे घडेल ते थेट लोकांच्या घरात. सकाळी मी लिहायची, बारा वाजता सगळे एकदा वाचायचे आणि दोनच्या ठोक्याला पाटी.

पाटी म्हणजे नावांची पाटी. पेंटरकडून रंगवून आणलेली फळी खिळ्याला टांगायची आणि कॅमेरा तिच्यावर धरायचा. त्यावर सगळ्यांची नावं आडनावासकट. तळाशी 'लेखन: वैशाली'. नुसतं वैशाली!

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "शेठ, माझं आडनाव राहिलं."

"अगं, पाटीवर जागा कुठंय?"

"साळवे. तीन अक्षरं आहेत."

"तेच सांगतोय, बसत नाही. अन् दुपारी घराघरातल्या बायका बघतात. उगं कशाला?"

उगं कशाला! देशपांड्यांची चार अक्षरं पाय पसरून बसली होती, कुलकर्ण्यांची चार बसली होती, साळव्यांची तीन तेवढी बसत नव्हती. आडनाव वाचलं की जात कळते, एवढीच त्यांची अडचण होती. जागेचं निमित्त.

घरी माझे वडील, यशवंत साळवे, इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीपुढं बसले होते. संध्याकाळी म्हणाले, "लई चांगलं लिवलंस. पण ही वैशाली कुणाची, ते नाय कळलं."

तेव्हापासून दर सोमवारी मी शेठना विचारायची आणि दर सोमवारी शेठ म्हणायचे, "पाटी नवीन करू तेव्हा बघू."

*

कॅमेऱ्यावर रफीकभाई. माणूस सोन्यासारखा, पण आयुष्य गेलेलं लग्नाच्या शूटिंगमध्ये. बाई रडायला लागली की यांचा कॅमेरा आपोआप ताटांकडं वळायचा. लग्नात रडारड झाली की पंगत टिपायची, ही सवय!

एकदा आमच्या नायिकेची, म्हणजे मंदाची, आई वारली. मालिकेत. मंदा काय रडत होती! मी स्वतः लिहिलेलं, तरी माझे डोळे भरले. आणि कॅमेऱ्यामागून खणखणीत आवाज, "इकडं बघा! जरा स्माईल!"

मंदाही हौशी. आईच्या प्रेताशेजारी छान हसली.

मी नंतर जाम भडकले. रफीकभाई कान पकडून म्हणाले, "मॅडम, आदत है. मुँह से निकल गया." त्यांनी निदान माफी मागितली. बाकीच्यांनी काय मागितलं?

*

सासऱ्याचं काम करायचे देशपांडेकाका. कचेरीतून रिटायर झालेले. रुबाब असा की नुसते सोफ्यावर बसले तरी घर भरल्यासारखं वाटायचं. पण पाठांतराच्या नावानं बोंब! एक ओळ लक्षात राहील तर शपथ. म्हणून मी त्यांचे संवाद कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पेपरच्या आत चिकटवायची. काका चष्मा लावून पेपर उघडायचे आणि वाचायचे. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा दरवाजासुद्धा दिसायचा नाही.

पहिल्या भेटीत मला म्हणाले, "पूर्ण नाव सांग. वडिलांच्या नावाशिवाय कचेरीत आम्ही अर्ज घ्यायचो नाही." मी सांगितलं. म्हणाले, "माझ्या नाही लक्षात राहायचं, लिहून दे." दिलं लिहून. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तो कागद कुठं गेला कुणास ठाऊक."

तर एकदा मी कागदावर लिहिलं, 'सूनबाई, चहा आण', आणि पुढं कंसात 'खोकतो'. काकांनी पेपर उघडला आणि धीरगंभीर आवाजात म्हणाले, "सूनबाई, चहा आण. खोकतो."

झालं! गल्लीतली पोरं काकांना बघून "खोकतो!" म्हणून ओरडायला लागली. शेठ खूश. मला म्हणाले, "रोज एकदा टाकत जा, पब्लिकला आवडतंय." मी रात्रंदिवस डोकं खाजवून लिहिलेल्या हजार ओळी एकीकडं आणि ते एक 'खोकतो' एकीकडं!

*

हॉलमधला फोन हाच सेटवरचा फोन, आणि तोच केबलच्या तक्रारींचा नंबर. मंदाचा परदेशी गेलेला दीर फोन करणार, असा सीन. तिनं रिसीव्हर उचलायच्या आधीच तो खराखुरा वाजला. उचलला तर पलीकडं वाळूजचा एक कामगार, नाइट करून आलेला.

"ओ ताई, कवाचं बघतोय, आमच्याकडं नुसत्या मुंग्या दिसायल्यात!"

मंदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "भाऊजी, काळजी करू नका. माणूस पाठवते."

सगळे वाहवा करत बसले, काय हजरजबाबी, काय हजरजबाबी! पुढचे सगळे संवाद कोलमडले, ते मी सेटच्या कडेला उभ्या केलेल्या फळीमागं बसून कुजबुजत सावरले. तिकडं कुणाचं लक्षच नाही.

*

आता हा ऐका. शेठचे मामा करमाडहून आले, हातात शेंगांची पिशवी. खाली ऑफिसात कुणी नाही म्हणून सरळ वर आले, चप्पल काढली आणि चालू सीनमध्ये सोफ्यावर जाऊन बसले. "दिलप्या हाय का घरी?"

मंदानं डोक्यावरून पदर घेतला, मामांच्या पाया पडली आणि पाणी आणून दिलं. मामा पाणी प्यायले, त्यांनी पिशवी टीपॉयवर ठेवली, "येतो मग," म्हणाले आणि गेले. सगळं लाइव्ह!

दुसऱ्या दिवशी फोनवर फोन, "ते मामा परत कधी येणार?"

आणि त्या सोमवारी पाटी बघते तर काय, मधोमध नवी ओळ! मामांचं नाव, मामांच्या वडलांचं नाव, आडनाव आणि खाली 'करमाडकर'! दोन मिनिटं पाणी प्यायला आलेल्या माणसाचं अख्खं गाव त्या पाटीवर मावलं!

मी शेठपुढं उभी राहिले. अंगाची नुसती लाहीलाही होत होती. "आता जागा कुठून आली?"

शेठ हसले. म्हणाले, "अगं, ते पाहुणे आहेत."

बरोबर. ते पाहुणे आणि आम्ही कोण? मी त्या दिवशी सोडूनच जाणार होते. वडलांनी अडवलं. म्हणाले, "जागा सोडलीस तर आडनाव कुठं लिवतील?"

*

पुढं मोठे चॅनल आले, आमच्या मालिकेला कुणी विचारेना. शेठनी बंद करायचं ठरवलं. शेवटच्या भागासाठी मात्र नवी पाटी केली, पहिलीच्या दुप्पट. वायरमनची नावं, मंडपवाल्याचं नाव, मामा तर होतेच. तळाशी, 'लेखन: वैशाली'.

मी भांडले नाही. घरी वडील इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत, एवढंच डोक्यात होतं.

शेवटच्या सीनमध्ये सासरेबुवा घरच्यांना दोन शब्द सांगतात. पेपरच्या आत मी चिकटवलं होतं, 'सगळे एकत्र राहा, सुखी राहा', आणि कंसात नेहमीचं 'खोकतो'.

काकांनी चष्मा लावला, पेपर उघडला आणि वाचलं, "सगळे एकत्र राहा, सुखी राहा."

मग त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. चष्मा काढून खिशात घातला. कॅमेऱ्याकडं तोंड करून, कचेरीत अर्ज वाचावा तसे बोलायला लागले.

"नाव वैशाली. वडिलांचं नाव यशवंत. आडनाव साळवे. दोन वर्षं हे सगळं हिनं लिहिलं. आम्ही नुसतं वाचलं."

शेठ कोपऱ्यातून हातवारे करत ओरडले, "कट! अरे कट कर!"

रफीकभाईंनी कॅमेरा सेटच्या कडेच्या फळीमागं वळवला, थेट माझ्या तोंडावर. "मॅडम, इधर देखो. जरा स्माईल!"

मला हसू आलं नाही. मी मंदासारखी ढसाढसा रडले, सगळ्या शहरासमोर.

कॅमेरा परत काकांकडं गेला. काकांनी सावकाश खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, पेपर उचलला आणि वाचलं, "खोकतो."